पाऊस बाहेर, उजेड आत

पावसाळ्यात घर काळोखं वाटतं याचं खापर आपण ढगांवर फोडतो. त्यातला बराचसा काळोख आपण स्वतःच्या हातानं घरात आणलेला असतो. मेअखेरीला बाल्कनीला निळी ताडपत्री ठोकली जाते, खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या जातात त्या पार दसऱ्याला उघडतात, आणि जी एखादी खिडकी मोकळी राहिली तिच्यात ओले टॉवेल लोंबू लागतात. पाऊस अडवण्याच्या नादात उजेडही अडवला जातो. मग घर उदास वाटतं म्हणून आपण बाजारातून पिवळे अभ्रे आणि दिव्यांच्या माळा आणतो. हा क्रमच उलटा आहे. आधी उजेडाची वाट मोकळी करायची, मग ओलीचा बंदोबस्त, मग दिवे. रंगीबेरंगी हौस सगळ्यात शेवटी, आणि तोवर तिची गरज निम्म्यावर आलेली असते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल इथली दोन-तीन खोल्यांची घरं आहेत, आणि थोडी कोकणातलीही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकट्या जुलैत. पुणे-नाशिककरांना यातलं अर्धंमुर्धं कामी येईल. सोलापूरकरांनी लेख इथेच मिटला तरी आमची तक्रार नाही.

आधी उजेडाचा हिशोब. कडक उन्हात उघड्यावर लाखभर लक्स प्रकाश असतो. आभाळ भरून आलं की तो पाच-दहा हजारांवर येतो, मुसळधार सरीत आणखी खाली. आकडा कोसळला खरा, पण लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स पुरतात. म्हणजे भर आषाढातही बाहेर उजेड भरपूर आहे, तो आत पोचत नाही एवढंच. त्यातही ढगाळ आकाशाची एक खोड आहे. उन्हाळ्यात उजेड सूर्याच्या दिशेनं येतो. ढगाळ दिवशी क्षितिजाकडचं आकाश मंद असतं आणि डोक्यावरचं त्याच्या जवळपास तिप्पट उजळ. त्यामुळे पावसाळ्यात खिडकीचा वरचा फूटभर भाग सगळ्यात मोलाचा ठरतो, आणि नेमका तोच आपण बुजवून टाकलेला असतो.

आता उठून आपल्या हॉलच्या खिडकीसमोर उभे राहा आणि वरच्या बाजूला काय काय आहे ते मोजा. पेल्मेट, पडद्याची झालर, अर्धवट गुंडाळलेला बांबूचा पडदा, ग्रिलच्या वरच्या फळीवर ठेवलेले रंगाचे रिकामे डबे, गणपतीच्या मखराचं सामान, एक जुनी चटई. हे सगळं खाली काढा. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण फूट लांब लावून घ्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर तो भिंतीवर जाऊन उभा राहील, काचेवर नाही. सुताराचं तासाभराचं काम आहे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची चोरी असेल तर पडदे दिवसा सरळ काढून ठेवा. समोरच्या इमारतीतून दिसण्याची अडचण असेल तर खालच्या अर्ध्या भागाला मलमलीचा आखूड पडदा पुरतो.

मग जाळी. डासांची जाळी वर्षभर धूळ आणि फोडणीचं तेल पीत असते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी तर बोट फिरवलं तर काळी निघते. ती काढून धुण्याच्या साबणात तासभर भिजवा, मऊ ब्रशनं घासा, परत बसवा. सरकत्या खिडक्यांत अर्ध्या भागात दोन काचा एकमेकींवर येतात, आणि त्यांच्या मधल्या बाजू वर्षानुवर्षं पुसल्या जात नाहीत. रिमझिम असेल त्या दिवशी काचा पुसायला घ्या, बाहेरचा मळ आधीच भिजलेला असतो. वरून वर्तमानपत्राचा बोळा. उन्हासाठी काचेवर काळी फिल्म लावली असेल तर ती उचकटायला हाच मुहूर्त. खिडकीच्या कट्ट्यावर गडद ग्रॅनाइट असेल तर त्यावर पांढरी फरशी, पांढरा सनमायकाचा तुकडा, अगदी पांढरं मेणकापड टाकलं तरी चालतं. वरून आलेला उजेड त्यावर आपटून छताकडे जातो आणि छत पांढरं असेल तर खोलीभर पसरतो. पन्नास रुपयांत इतका फरक दुसऱ्या कशानं पडत असेल असं मला वाटत नाही.

ताडपत्रीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. मुंबईत निळ्या ताडपत्रीला पर्यायच नाही अशी समजूत आहे. तिच्या आड बसून एकदा सकाळचे पोहे नीट बघा. हळदीचा पिवळा रंग मळकट हिरवा दिसतो, कोथिंबीर काळपट, आणि समोरच्या माणसाचा चेहरा चार दिवस तापानं फणफणल्यासारखा. ताडपत्री नुसता उजेड खात नाही, जो सोडते तोही नासवते. हार्डवेअरच्या दुकानात जाड पारदर्शक किंवा दुधी प्लास्टिक मीटरवर मिळतं. त्याला कडेनं पट्टी शिवून रिंगा ठोकून घेतल्या की तेच काम होतं आणि पांढरा उजेड आत येतो. उन्हानं ते एक-दोन मोसमांत कडक होऊन तडकतं, हे खरं. पण गुंडाळून वर बांधता येईल असं लावलं आणि पाऊस संपताच काढून ठेवलं तर जास्त टिकतं.

पाऊस थांबवून उजेड येऊ द्यायचा ही काही आजची युक्ती नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी सपाट शिंपले बसवलेले असत. कातरून सारखे केलेले तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवायचे. बाहेर झड लागली तरी पाणी आत येत नसे आणि खोलीत दुधाळ, सौम्य उजेड पसरे. काही घरांत त्या खिडक्या आजही शाबूत आहेत. कोकणात कौलारू घरांत माजघराला किंवा स्वयंपाकघराला बाहेरची भिंतच नसते, तिथे छपरात एखाद-दुसरं काचेचं कौल घालतात. मंगलोरी कौलांचे साचे ठरलेले असल्यामुळे त्याच मापाचं काचेचं कौल बरोबर बसतं. गावच्या घरात असं कौल असेल तर पावसाआधी वर चढणाऱ्या माणसाकडून ते धुवून घ्या. शेवाळानं ते हिरवं होतं आणि खाली अंधार झाला की आपण विजेच्या माणसाला बोलावतो. आणि शहरात वरच्या मजल्यावर पत्र्याची शेड असेल तर एक पत्रा पारदर्शक फायबरचा घालून घ्या.

उजेडाचा सगळ्यात मोठा चोर मात्र ओले कपडे. खिडकीजवळ वारा असतो म्हणून दांडी खिडकीजवळ, आणि म्हणून घरातला एकमेव उजेडाचा झरोका चार महिने जीन्सनं झाकलेला. त्यात मशीननं पिळून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांतही लिटर-दीड लिटर पाणी असतं. ते खोलीत वाळलं म्हणजे तेवढं पाणी खोलीच्या हवेत, तिथून भिंतीत आणि गादीत गेलं. पूर्वी बाळाची दुपटी शेगडीवर उलटी टोपली ठेवून वाळवत. तो जमाना गेला, पण तत्त्व तेच, कपड्यांना एक वेगळी कोरडी जागा द्या. पॅसेज, न्हाणीघर किंवा रिकामी लहान खोली धरा, दार लोटून घ्या, एक टेबलपंखा सरळ कपड्यांवर लावा, एक्झॉस्ट असेल तर तो चालू. छताला कप्पीची दांडी असेल तर कपडे वर, पंख्याच्या रेषेत. एकाच दिवशी सगळं धुवायला काढू नका. जाड टॉवेल आणि चादरी उघडीप पडेल त्या दिवशीच. जुनी धोतरं-पंचे अंग पुसायला काढा, चार तासांत वाळतात.

इथवर आलात की घर आपोआप दोन छटा उजळलेलं असतं. आता भिंतींकडे.

पोपडे निघालेली, करड्या ठिपक्यांची भिंत कितीही दिवे लावले तरी घराला आजारीच दाखवते. पण पुसायच्या आधी ती ओल कुठून आली ते कळायला हवं. डाग कोरड्या फडक्यानं टिपून त्यावर वीतभर अॅल्युमिनियम फॉइल ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीच्या आतून येते आहे, मग पाइप, गच्ची किंवा बाहेरची तडे गेलेली भिंत शोधायची. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर घरातलीच दमट हवा थंड भिंतीवर बसते आहे, आणि तिचा उपाय तुमच्या हातात आहे.

करड्या-काळ्या ठिपक्यांची बुरशी कोरड्या ब्रशनं घासू नका, तिचे कण घरभर उडतात. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, आणि एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात घालून ओल्या फडक्यानं पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्यानं, मग कोरडं करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दम्याच्या माणसानं हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. लाकडी कपाटाला ब्लीच नको, साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं आणि नंतर पंखा. पुसलेली बुरशी परत येते, कारण ओल गेलेली नसते. तिची मुदत वाढवणं एवढंच आपल्या हाती.

पावसाचा मारा मुंबई-कोकणात मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट, दिवाण, पुस्तकांची मांडणी लावू नका. हलवणं शक्य नसेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. कपाटाच्या तळाच्या खणात कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे ठेवता येतात. खडे विरघळून डब्यात पाणी जमतं, ते भरलं की फेकायचं आणि मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. धो-धो पाऊस चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून घर कोरडं होत नाही, बाहेरची हवा आतल्याहून दमट असते. उघडीप मिळाली की मात्र समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडून अर्धा तास वारा आरपार जाऊ द्या. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर, खिडक्या लावून. धूप-उदबत्तीनं कुबट वास झाकला जातो, जात नाही, आणि बंद घरात छतावर काजळी चढते ती वेगळीच.

एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. स्विचबोर्डाच्या आसपास भिंत ओली दिसली, किंवा बटण दाबताना बोटाला मुंग्या आल्या, तर त्या भागाचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वर करू नका. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला दिव्यांची माळ पावसाळ्यात नकोच. ती दिवाळीची.

दिव्यांचं बघू. बहुतेक मराठी घरांत हॉलच्या मधोमध किंवा एका भिंतीवर पांढरीफटक ट्यूब असते, आणि ती लावली की उजेड झाला असं आपण समजतो. पण डोळ्याला खोली उजळ वाटते ती भिंती आणि छत उजळले की. सगळा झोत फरशीवर पडून कोपरे काळे राहिले तर खोली अंधारीच वाटते. म्हणून एका मोठ्या दिव्यापेक्षा तीन लहान बरे, आणि त्यातला एक खिडकीपासून सगळ्यात दूरच्या भिंतीवर, तोंड भिंतीकडे करून. दिवसा तोच एक लावून बघा, खिडकीकडचा उजेड आणि मागचा काळोख यातली दरी भरते आणि सबंध खोली मोठी होते. नऊ वॅटचा एलईडी साधारण नऊशे ल्युमेन उजेड देतो, जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बाहून थोडा जास्तच. असे तीन दिवे दहा तास जाळले तरी वीज पाव युनिटाच्या किंचित वर जाते, तेव्हा बिलाच्या धाकानं अंधारात बसू नका.

बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळा, ४००० मधला. पावसाळी दिवसा खिडकीतल्या उजेडात ४००० बेमालूम मिसळतो. संध्याकाळी, बाहेर सगळं करडं-निळं झालेलं असताना, पिवळाच लावा. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो, तो ऐंशीच्या पुढे, जमल्यास नव्वदच्या आसपास पाहा. वरणाचा रंग वरणासारखा दिसतो. दुकानदार ६५०० चाच बल्ब पुढे करेल, कारण तो दुकानात झगझगीत दिसतो. ठाम राहा.

आषाढी अमावास्येला आपल्याकडे घरातले दिवे घासून-पुसून पूजतात. ऐन काळोख्या दिवसांत हा सण यावा यात पूर्वजांचा व्यवहार दिसतो. समई-निरांजनांसोबत त्या दिवशी मुख्य स्विच बंद करून घरातल्या ट्यूबा, बल्ब, झुंबराच्या काचा आणि पंख्यांची पातीही पुसून काढा. छताच्या गोल दिव्याच्या काचेत पावसाळी किड्यांचा खच पडलेला असतो, तो झटकला की नवा दिवा आणल्यासारखं वाटतं. पितळी तांब्या, समई, देव्हाऱ्यातली घंटा चिंच-मिठानं घासून खिडकीच्या उजेडाला ठेवा. आजीच्या स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी खिडकीसमोर असायची आणि ताटंवाट्यांवर उजेड खेळायचा. आपण हजारो रुपये देऊन तिच्या जागी चॉकलेटी लॅमिनेटची कपाटं बसवली. असो.

आरसा लावायचा तर त्यात काय दिसणार ते आधी बघा. समोर अंधारा पॅसेज असेल तर आरसा अंधारच दुप्पट करतो. खिडकीच्या लगतच्या, तिच्याशी काटकोनात असलेल्या भिंतीवर तो सर्वांत उपयोगी पडतो.

आता हौस. उजेड फार मंदावला की डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो, म्हणून कुंकवासारखे लाल अभ्रे दिव्याजवळच्या खुर्चीला द्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळा, फिका केशरी, पोपटी किंवा मोतिया ठेवा. नवं विकत घ्यायलाच हवं असं नाही. फिक्या रंगाची सुती साडी विरली असेल तर तिचे पडदे होतात, दोन टाके घालून दांडीत ओवायचे. इरकलीचा काठ खाली आला तर पाहुणे विचारतात कुठून आणले. मखमली पडदे, लोकरी गालिचे, तागाच्या चटया जूनमध्येच नीट वाळवून, गुंडाळून उंचावर ठेवा, त्या ओल शोषतात आणि कुबट होतात. जमिनीवर सोलापुरी सतरंजी बरी, धुतली तर पंख्याखाली एका दिवसात वाळते. दाराशी छत्र्यांसाठी एक बादली आणि चपलांसाठी उघडी मांडणी ठेवा, बंद कपाट नको.

फुलांना हा सुगीचा काळ. सोनटक्क्याची एक काडी पाण्यात ठेवली तर संध्याकाळी खोली भरून जाते. कर्दळ, तेरडा, गुलबक्षी, अनंत बाजारात आणि कुंपणावर मुबलक. मनीप्लँटच्या बाटलीतलं पाणी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा न चुकता रिकाम्या करा, डेंग्यूचा डास तेवढ्याच अवधीत तिथे वाढतो.

राहता राहिला गणपतीच्या आधीचा रंग. कोकणात भिंती सारवणं-रंगवणं याच दिवसांत होतं आणि शहरातही हात शिवशिवतात. आतल्या, कोरड्या भिंतीला जरूर रंग द्या, पण दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या, कारण दमट हवेत रंग उशिरा सुकतो. ओल आलेल्या भिंतीला मात्र हात लावू नका. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग आतून ओल्या भिंतीवर फासला तर पाणी मागे कोंडतं आणि फुगे येतात. फारच खटकत असेल तर पोपडे खरवडून तेवढ्या भागाला साध्या चुन्याचा हात द्या, त्यात चिमूटभर नीळ. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि निळीनं पिवळटपणा मरतो.

आणि हे सगळं चालू असताना हाताशी एक पेन्सिल ठेवा. ओलीच्या प्रत्येक डागाच्या कडेनं रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. पुढच्या मोठ्या सरीनंतर डाग रेघेबाहेर गेला तर नवी रेघ, नवी तारीख. एप्रिलमध्ये वॉटरप्रूफिंगवाला येतो तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली असते आणि तो विचारतो, कुठं गळतंय? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे, तर वरच्या घरातल्या न्हाणीघराची गळती त्या घरमालकानं स्वखर्चानं काढायची. दोन्ही बाबतींत तारखांसह फोटो असतील तर सेक्रेटरींना बघून घेऊ म्हणता येत नाही. अर्ज सप्टेंबरातच द्या, पोच घ्या, आणि वार्षिक सभेत विषय निघेल तेव्हा तेच फोटो मोबाइलवर तयार ठेवा.